कलासंबद्ध रामन वर्णपटविज्ञानातील विभेदन

कलासंबद्ध रामन वर्णपटविज्ञानातील विभेदन : रेणूंची कंपने लेसर शलाकांच्या साहाय्याने एकाच कलेत चेतवून मिळविलेल्या रामन वर्णपटात एकमेकींलगतच्या दोन रेषा वेगळ्या ओळखण्याची क्षमता. रामन परिणामाचा शोध सी. व्ही. रामन व के. एस. कृष्णन यांनी १९२८ मध्ये कलकत्ता येथे लावला. या नेहमीच्या परिणामात प्रत्येक रेणू स्वतंत्रपणे प्रकाशाचे प्रकीर्णन करतो. त्यामुळे प्रकीर्णित प्रकाश अत्यंत क्षीण असून तो सर्व दिशांना विखुरला जातो. पी. डी. मेकर व आर. डब्ल्यू. टरह्यून यांनी १९६५ मध्ये वर्णन केलेल्या पद्धतीत पंप व स्टोक्स अशा दोन शलाका नमुन्यात एकत्र आणतात. त्यांच्या कंप्रतांमधील फरक रेणूच्या कंपनाच्या कंप्रतेइतका झाला की, सर्व रेणू एका तालात कंप पावू लागतात व त्यांच्यावर पडणाऱ्या प्रकाशापासून लेसरसारखीच एकदिश शलाका निर्माण होते. तिची कंप्रता पंप कंप्रतेच्या दुपटीतून स्टोक्स कंप्रता वजा केली असता मिळते. या पद्धतीला कलासंबद्ध प्रतिस्टोक्स रामन वर्णपटविज्ञान किंवा, इंग्रजी आद्याक्षरांवरून, ‘कार्स’ म्हणतात.

नेहमीच्या रामन वर्णपटाचे विभेदन बहुतांशी वर्णपटमापकातील विवर्तन जालक व फट यांवर अवलंबून असते. फट अरुंद केली की रेषा सुस्पष्ट होतात, पण आधीच अपुरा असलेला प्रकाश आणखी घटतो. कार्समध्ये ही अडचण टाळता येते. दोन अरुंद रेषारुंदीच्या लेसरांपैकी एकाची कंप्रता हळूहळू बदलत नेल्यास विभेदन लेसरांच्या रेषारुंदीवरून ठरते. वर्णपटमापकाचे काम केवळ नको असलेला प्रकाश अडविण्याचे उरते. अखंड लेसर वापरणाऱ्या उद्दीपित रामन पद्धतींनी १९७० नंतरच्या दशकात हायड्रोजन व मिथेन यांसारख्या वायूंच्या रेषांचा अभ्यास या तत्त्वावर झाला. तेथे मर्यादा उपकरणाची न राहता रेणूंच्या गतीमुळे होणाऱ्या डॉप्लर रुंदीकरणाची व टकरींची ठरते.

विभेदनाला व्यावहारिक महत्त्व कसे येते, हे ज्योतीच्या तापमानमापनावरून दिसते. हवेतील नायट्रोजनाचे कंपन सु. २,३३० प्रती सेंमी. या तरंगसंख्येला आढळते. तापमान वाढले की परिभ्रमणाच्या वरच्या पातळ्यांत अधिक रेणू जातात, रेषासमूह कमी तरंगसंख्येकडे पसरतो आणि सु. २,३०० प्रती सेंमी.जवळ आधीच कंप पावणाऱ्या रेणूंचा दुसरा पट्ट उमटतो. या आकारावरून तापमान काढतात. समूहातील लगतच्या रेषांमधील अंतर मात्र १ प्रती सेंमी.पेक्षाही कमी असते. उपकरणामुळे आलेले रुंदीकरण अचूक माहीत नसेल, तर ते तापमानाचाच परिणाम समजले जाण्याचा धोका असतो. भट्टी किंवा एंजिन यांच्या अभिकल्पात अशी चूक महागात पडते.

आणखी एक अडचण कार्सच्या स्वरूपातच आहे. रेणूंच्या इलेक्ट्रॉनांकडून कंपनाशी संबंध नसलेला प्रकाशही त्याच दिशेत येतो व त्याचे खऱ्या रेषेशी व्यतिकरण होते. परिणामी रेषा असममित होते, तिचे शिखर किंचित सरकते व एका बाजूस खळगा पडतो. लगतच्या दोन रेषांचेही आपापसांत व्यतिकरण होत असल्याने त्यांच्या तीव्रता सरळ मिळवून चालत नाही. ध्रुवणाच्या योग्य योजनेने ही पार्श्वभूमी दाबता येते.

जलद प्रक्रियांसाठी व सूक्ष्मदर्शनासाठी अत्यल्पकालिक स्पंद लागतात. स्पंद जितका आखूड तितका त्याचा कंप्रता-पट्टा रुंद, हे तरंगांचे मूलभूत बंधन आहे. सममित घंटाकृती आकाराच्या १०० फेम्टोसेकंदांच्या स्पंदाची रुंदी किमान सु. १४७ प्रती सेंमी. असते, द्रवातील रामन रेषा मात्र सु. १० प्रती सेंमी. इतक्याच रुंद असतात. यावर निरनिराळे उपाय निघाले. इझ्राएलमधील वाइझमान संस्थेत एन. डुडोव्हिच, डी. ओरॉन व वाय. सिल्बरबर्ग यांनी २००२ मध्ये एकाच रुंदपट्टी स्पंदातील घटकांच्या कला बदलून त्याच्या पट्ट्याहून कितीतरी अरुंद रेषा वेगळ्या केल्या. टी. हेलरर, ए. एनेयडर व ए. त्सुम्बुश यांच्या २००४ मधील पद्धतीत पंप व स्टोक्स हे दोन्ही स्पंद काचेतून नेऊन सारखेच लांबवितात. दोहोंची कंप्रता काळानुसार एकाच वेगाने बदलते. त्यांच्यातील फरक मात्र स्थिर राहतो आणि सर्व ऊर्जा एकाच कंपनावर एकवटते. एक स्पंद थोडा उशिरा सोडला की दुसरे कंपन निवडले जाते. पद्धतीचा साधेपणा हेच तिच्या प्रसाराचे कारण असावे.

संकरित पद्धतीत चेतविण्याचे व तपासण्याचे काम वेगवेगळ्या स्पंदांकडे असते. फेम्टोसेकंद स्पंद अनेक कंपने एकदम चेतवितात. नंतर पिकोसेकंदांचा, म्हणून अरुंद पट्ट्याचा, तपासणी स्पंद येतो आणि विभेदन त्याच्या पट्ट्यावरून ठरते. पार्श्वभूमी सर्व स्पंद एकत्र असतानाच निर्माण होत असल्याने उशिरा आलेल्या स्पंदाला ती आढळत नाही. पण उशीर फार झाल्यास कंपनांची एकतानताच ओसरते. वातावरणीय दाबाच्या वायूत ती साधारणपणे १०० पिकोसेकंद टिकते, द्रवात जेमतेम एक पिकोसेकंद. त्यामुळे ही पद्धत ज्वलनाच्या अभ्यासात अधिक सोयीची आहे. द्रवात चेतावणी व तपासणी यांमधील अंतर फार जपून ठेवावे लागते.

तपासणी स्पंद क्रमाक्रमाने उशिरा सोडून मिळालेल्या आंदोलनांचे फूर्ये परिवर्तन केल्यासही वर्णपट मिळतो. येथे विभेदन एकूण तपासलेल्या कालावधीच्या व्यस्त प्रमाणात असते. जर्मनीतील गार्किंग येथे २०१३ मध्ये स्पंदांच्या पुनरावृत्तीत किंचित फरक असलेल्या दोन कंप्रता-कंगव्यांनी हा उशीर, आरसा न हलविता, आपोआप साधला.

नोंदलेल्या वर्णपटातून पार्श्वभूमी गणिताने वेगळी काढण्याच्याही रीती आहेत. त्यांनी रेषांचा खरा आकार परत मिळतो, हे खरे. तथापि मापनातच न उतरलेला तपशील त्यांनी निर्माण होत नाही, आणि गोंगाट जास्त असलेल्या वर्णपटात त्या नसलेल्या रेषाही दाखवू शकतात.