विद्युत् अभियंत्या ललिता

अय्यलसोमयाजुल ललिता यांचा जन्म १९१९ साली मद्रासमध्ये झाला. पंधराव्या वर्षी विवाह, अठराव्या वर्षी वैधव्य. त्या वेळी पदरी चार महिन्यांची मुलगी होती. शिक्षणास आधार मिळाला तो वडिलांचा. पप्पू सुब्बाराव हे गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत् अभियांत्रिकीचेच प्राध्यापक होते. तेथे कोणी मुलगी पदवी घेईल हे गृहीतच नसल्यामुळे पदवीपत्रावरील छापील पुल्लिंगी सर्वनाम खोडून स्त्रीलिंगी करावे लागले!

सिमल्यातील नोकरीनंतर ललिता कलकत्त्याच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजमध्ये आल्या. वीजवाहिन्यांचे आराखडे व उपकेंद्रांची मांडणी हे त्यांचे काम. विजेचा दाब दुप्पट केला, की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह निम्मा लागतो आणि तारा तापून होणारी हानी चतुर्थांशावर येते. म्हणून वीज उच्च दाबाने दूर न्यावयाची व वस्तीजवळच्या उपकेंद्रात तो दाब उतरवावयाचा. भाक्रा-नानगल प्रकल्पाच्या जनित्रांचे कामही त्यांनी केले.

१९६४ साली न्यूयॉर्क येथे स्त्री अभियंत्या व शास्त्रज्ञ यांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अशा स्त्रियांची शाखा तेव्हा भारतात नव्हती. ललिता तेथे खासगी नात्याने उपस्थित राहिल्या.