शाळा सुटल्यानंतरची दुपार

मूल पहिलीत गेलं की नातेवाईक म्हणतात, "चला, आता सुटलात!" पाळणाघराचे दिवस संपले, मूल शाळेत रमलं, आईबाबा मोकळे झाले, अशी सर्वसाधारण समजूत. नोकरी करणाऱ्या आईबाबांची खरी ओढाताण मात्र तिथूनच सुरू होते, कारण पाळणाघर पूर्ण दिवसाचं असतं आणि शाळा अर्ध्या दिवसाची.

हिशेब करून बघा. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. सहावी ते आठवीसाठी हेच प्रमाण २२० दिवस आणि १००० तास आहे. ऑफिसचे आठ-नऊ तास आणि जाण्यायेण्याचा प्रवास धरला तर आई घराबाहेर असते दहा-अकरा तास. शाळा या किमान तासांपेक्षा जास्त वेळ भरते असं धरलं तरी रोजचे चार-पाच तास उरतातच. शिवाय दिवाळीची सुट्टी, मे महिना आणि सगळे सण वेगळे.

कायद्यांनीही हे वय मधल्यामध्ये सोडून दिलं आहे. अंगणवाडी सहा वर्षांपर्यंत. केंद्र सरकारची 'पाळणा' योजना सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. १९४८ च्या कारखाना कायद्यातली पाळणाघराची तरतूद, तीही सहा वर्षांखालच्या मुलांसाठीच होती. सहा ते चौदा या वयासाठी शिक्षण हक्क कायदा आहे, पण तो शाळा सुटेपर्यंत. सात वर्षांच्या मुलाची दुपार कोणत्याच कायद्यात धड बसत नाही. ती आजीच्या, शेजारच्या काकूंच्या नाहीतर गल्लीतल्या पाळणाघराच्या पदरात पडते. एवढी मोठी जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांच्या कामाबद्दल पालकांच्या मनात बरेच गैरसमज आहेत. हे काम सुरू करणाऱ्यांच्या मनातही आहेत.

"मोठी मुलं काय, आपली आपण खेळतात"

शाळेतून आलेलं मूल बाळापेक्षा सांभाळायला सोपं, हा यातला सगळ्यात जुना समज. बाळाची गरज रडण्यातून कळते. आठ वर्षांचा मुलगा व्हॅनमधून उतरतो, दप्तर कोपऱ्यात भिरकावतो आणि कोणाशी बोलत नाही. डबा उघडला तर पोळी तशीच, भाजी तेवढी संपलेली. पाण्याची बाटली भरलेलीच. सकाळपासून त्याने पाणी प्यायलेलं नाही, हे ज्या ताईच्या लक्षात येतं ती आधी त्याला पाणी देते, मग गरम वरणभात वाढते आणि 'आज काय झालं?' हा प्रश्न अर्ध्या तासाने विचारते. जिच्या लक्षात येत नाही ती त्याला "हातपाय धू आणि अभ्यासाला बस" म्हणते आणि दुपारभर तो कुणाशी तरी भांडत राहतो. हे कसब शिकून येतं. "मला मुलांची आवड आहे" एवढ्या भांडवलावर ते येत नाही.

सगळ्यात जोखमीची वेळ भांडणाची किंवा खेळाची नसते. मूल एका हातातून दुसऱ्या हातात जातं ती वेळ जोखमीची: शाळेतून व्हॅनकडे, व्हॅनमधून पाळणाघरात, पाळणाघरातून घरी. महाराष्ट्रात शालेय बसगाड्यांसाठी २०११ पासून स्वतंत्र नियम आहेत आणि शाळांत परिवहन समिती असणं अपेक्षित आहे. व्हॅनचं दार उघडल्यानंतरची पन्नास पावलं मात्र पाळणाघराचीच. म्हणून दारात एक वही हवी. मूल कधी आलं, कोणी सोडलं, कधी गेलं, कोणी नेलं, हे सगळं तिच्यात हवं. नेणाऱ्यांची नावं आणि फोटो प्रवेशाच्या वेळीच घ्यायचे. "काकू, आज त्याचा मामा येईल न्यायला" असा फोन आला तर पालकांच्या नोंदवलेल्या नंबरवर आपण उलटा फोन करून खात्री करायची. मामा कितीही ओळखीचा वाटला तरी हे करायचंच. आणि एखादं मूल ठरलेल्या वेळेला आलं नाही, तर दहा मिनिटांच्या आत शोध सुरू व्हायला हवा. 'आज सुट्टी घेतली असेल' असं परस्पर गृहीत धरणं ही या कामातली सगळ्यात धोकादायक सवय आहे.

"अभ्यास करून घेतात ना, मग चांगलं आहे"

पालक चौकशीला येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा गृहपाठाचा असतो. त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. सात वाजता दमून घरी आल्यावर वह्या उघडायच्या नसतील तर ही अपेक्षा स्वाभाविकच आहे. पण केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात गृहपाठाबद्दल काय म्हटलंय तेही पाहावं. दुसरीपर्यंत गृहपाठच नको. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. सहावी ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त एक तास. म्हणजे चौथीतल्या मुलाला रोज दोन तास वही घेऊन बसवणारं पाळणाघर धोरणाने आठवड्याला आखून दिलेला वेळ एकाच दुपारी संपवतं.

अर्ध्या तासाची शांत जागा, हाताशी एक मोठं माणूस आणि अडलं तर मदत, एवढं पुरेसं आहे. उत्तरं सांगून वही पूर्ण करून देणं ही मदत होत नाही. वर्गात मुलाला नेमकं काय अडतंय हे शिक्षकांना कळेनासं होतं, तेवढं मात्र नक्की होतं.

"वेळ वाया जायला नको"

हा गैरसमज पालक आणि पाळणाघराचे चालक मिळून जोपासतात. सोमवारी अबॅकस, मंगळवारी नृत्य, बुधवारी वेदिक गणित, गुरुवारी हस्ताक्षर. माहितीपत्रकावर हे छान दिसतं, फी वाढवायलाही बरं पडतं. पण सहा तास शाळेत सूचना ऐकून आलेल्या मुलाला पुन्हा सूचनाच ऐकवल्या, तर त्याची स्वतःची अशी वेळ दिवसात उरतच नाही.

महाराष्ट्राला याहून वेगळी वाट शोधायला लांब जावं लागत नाही. पुण्यातल्या गरवारे बालभवनात शोभा भागवत यांनी १९८५ पासून मुलांच्या शाळेबाहेरच्या वेळेला खेळ, गाणी, गोष्टी आणि हस्तकला यांचं घर दिलं. तिथे परीक्षा नव्हती, नंबर नव्हते. त्याच्याही कितीतरी आधी, १९५६ मध्ये, दिल्लीत राष्ट्रीय बालभवन याच विचाराने सुरू झालं होतं. खेळ म्हणजे अभ्यासातून उरलेला वेळ, हे या मंडळींनी कधी मानलं नाही.

शरीराच्या बाजूने पाहिलं तर जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी किमान साठ मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. सकाळी शाळा, दुपारी क्लास, संध्याकाळी टीव्ही, यात ती साठ मिनिटं कुठे बसवायची? पाळणाघराजवळ मैदान नसेल तर सोसायटीचं पार्किंग, गच्ची किंवा शेजारची बाग शोधावी लागते. पाच वाजता ऊन उतरलं की लगोरी, लंगडी, साखळी, डॉजबॉल. मुलांची वयं वेगवेगळी असली तरी हे खेळ चालतात, कारण नियम मुलं स्वतःच वाकवून घेतात. छोट्यांना 'कच्चं लिंबू' ठरवून खेळात घेण्याची मुलांची पद्धत कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत, पण वेगवेगळ्या वयाच्या गटासाठी इतकी चांगली सोय मी दुसरी पाहिलेली नाही.

आणि एखादी मुलगी सतरंजीवर पडून छताकडे बघत असेल, तर तिला वीस मिनिटं तसंच राहू द्यावं. "अगं, काहीतरी कर" म्हणायची घाई नको.

"सीसीटीव्ही आहे, काळजी नको"

नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाली. तिथे कॅमेरा होता. चित्रण पाहिलं गेलं ते बाळ जखमी झाल्यावर. कॅमेरा लावायलाच हवा, पण काय झालं होतं हे तो नंतर सांगतो. होत असताना हात धरायला दुसरं मोठं माणूसच लागतं. म्हणून मुलांबरोबर कोणतीही मोठी व्यक्ती एकटी, बंद दाराआड नसावी, हा नियम मालकिणीलाही लागू असावा. मदतनीस, स्वयंपाकाच्या मावशी, व्हॅनचे काका या सगळ्यांची पोलीस पडताळणी करावी, आणि "ओळखीतल्या आहेत" हे कारण त्यातून सूट द्यायला पुरेसं मानू नये.

कायद्याच्या दोन गोष्टी प्रत्येक चालकाला तोंडपाठ हव्यात. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तसा धोका दिसला, तर पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ते दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. "आधी आपसात बोलून बघू, नाव खराब होईल" हा विचार मुलाच्या जिवावर बेततो आणि तो गुन्हाही आहे. दुसरी गोष्ट फटक्यांची. "आमच्याकडून सांगतो, ऐकलं नाही तर दोन लावा" असं पालकांनी म्हटलं, म्हणून परवानगी मिळत नाही. मुलाला शारीरिक किंवा मानसिक त्रास होईल अशी वागणूक बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ खाली येते, आणि मुलांचा सांभाळ करणाऱ्या संस्थेतल्या माणसाला त्यासाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. १०९८ हा बालमदतीचा नंबर मुलांना वाचता येईल अशा उंचीवर भिंतीवर लिहिलेला असावा.

"कंपनीचं पाळणाघर आहे की"

मातृत्वलाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. पण केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत गृहीत धरलेलं मूल सहा वर्षांपर्यंतचं आहे. तिसरीतला मुलगा हिंजवडीच्या ऑफिसात पोहोचणार तरी कसा? त्याला पाळणाघर हवं ते शाळेजवळ नाहीतर घराजवळ.

"मुलं वाढली की पैसे वाढतात"

हा गैरसमज चालकांना सगळ्यात जास्त दमवतो, म्हणून इथे आकडे मांडून बघू. समजा, वीस मुलं आहेत आणि महिन्याची फी ३,००० रुपये. जमा ६०,०००. दोन ताईंचा पगार प्रत्येकी १२,०००, म्हणजे २४,०००. खाऊ दर मुलामागे ६०० प्रमाणे १२,०००. भाडं १२,०००. वीज, साहित्य, औषधपेटी, साफसफाई मिळून ४,०००. खर्च ५२,०००, हातात ८,०००. आता पाच मुलं वाढवली. जमा १५,००० ने वाढली, खाऊ ३,००० ने. पंचवीस मुलांना दोन ताई पुरत नाहीत, तिसरी ठेवली, १२,०००. हातात पुन्हा तेच ८,०००. तीस मुलं झाली की मात्र २०,००० उरतात.

उत्पन्न असं पायरीपायरीने वाढतं, आणि दोन पायऱ्यांच्या मधली जागा फसवी असते. वीस आणि तीसच्या मध्ये असताना 'तिसरी ताई पुढच्या वर्षी बघू' असं वाटणं साहजिक आहे, कारण तिचा पगार थेट आपल्या हातातून जातो. अपघात, मारामाऱ्या, ताईंचं अचानक सोडून जाणं, सगळं बहुधा याच टप्प्यात घडतं. तीस मुलांपर्यंत जायची जागा आणि प्रतीक्षायादी दोन्ही नसतील, तर वीसवर थांबून फी ४०० ने वाढवणं जास्त शहाणपणाचं. तेवढ्यानेही महिन्याला ८,००० वाढतात, आणि वीस मुलांकडे लक्षही राहतं.

वाढीची दुसरी जागा घड्याळात आहे. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी न भरवण्याचा निर्णय घेतला. मुलांच्या झोपेच्या दृष्टीने तो योग्यच होता, पण साडेसातची गाडी पकडणाऱ्या पालकांपुढे सकाळची पोकळी उभी राहिली. दुपारसाठी भाड्याने घेतलेली जागा सकाळी रिकामीच असते. दूध, पोहे आणि शाळेपर्यंत सोबत एवढी सोय केली, तर त्याच भाड्यात दुसरी फी येते. मे महिन्याचंही तसंच. शाळा बंद म्हणून पाळणाघर बंद ठेवणारे चालक पालकांच्या सगळ्यात अडचणीच्या महिन्यात पाठ फिरवतात. जूनमध्ये ती मुलं परत येतीलच असं नाही. सुट्टीतली वेळ पूर्ण दिवसाची असते, जेवण वाढतं, ताईंचे तास वाढतात, तेव्हा फी वेगळी हवी आणि ती प्रवेशाच्या कागदावरच लिहिलेली हवी. संध्याकाळी उशिरा नेण्याचा आकारही तिथेच लिहावा. एप्रिलमध्ये तोंडी सांगितलं की कटुता येते.

दुसरी शाखा काढायची तर बहुतेक जण आधी जागा शोधतात. आधी शोधायला हवी ती चालवणारी ताई. तिला जुन्या जागेत एक अख्खा मे महिना स्वतःच्या जबाबदारीवर चालवू द्यावा: वही, खाऊ, भांडणं, उशिरा येणारे पालक, सगळं. तिला ते जमलं आणि तिचा पगार तिच्या जबाबदारीला शोभेल इतका देणं आपल्याला परवडत असेल, तरच नव्या जागेची अनामत भरावी.