पाठ टेकून, पाय पुढे

अमेरिकेतल्या आयडाहो राज्याच्या उत्तर भागात मलन ते प्लमर अशी सुमारे ११७ किलोमीटरची डांबरी वाट आहे. ‘ट्रेल ऑफ द कोर-द-लेन्स’ हे तिचं नाव. मोटारींना मज्जाव, चढ बेताचे, सोबतीला आधी नदी, मग तळ्यांची माळ आणि शेवटी कोर-द-लेनचा विस्तीर्ण तलाव. उन्हाळ्यात या वाटेवर तीनचाकी सायकलींचे जथे दिसतात. चालवणाऱ्याची पाठ मागे टेकलेली, पाय समोर पेडलवर, बूड जमिनीपासून जेमतेम दीड वीत वर, आणि मागे उंच काठीवर फडफडणारा भगवा नाहीतर पिवळा झेंडा. या यंत्राला रिकम्बन्ट ट्राइक म्हणतात. चालवणारे नुसतं ट्राइक म्हणतात.

संपादकांनी या अंकासाठी चाकांवरचा लेख मागितला होता आणि सिएटलला नातेवाइकांकडे जाणं ठरलेलंच होतं. तिथून पूर्वेला मोटारीनं पाच-सहा तासांवर केलॉग हे गाव. तिथल्या एका गटानं आपल्या राइडला येण्याची परवानगी दिली आणि एक जादा ट्राइकही देऊ केली. मला पाहायची होती ती माणसं. प्रत्यक्षात माझं लक्ष खिळून राहिलं ते यंत्राच्या पुढच्या दोन चाकांवर.

पण आधी वाटेबद्दल, कारण वाट समजल्याशिवाय ट्राइक समजत नाही. ही युनियन पॅसिफिक कंपनीच्या आगगाडीची जुनी जागा. या खोऱ्यात चांदी, शिसं आणि जस्ताच्या खाणी. शंभर वर्षं इथून खनिजाचे डबे गेले. डब्यांतून सांडलेली भुकटी आणि रुळांखाली भराव म्हणून टाकलेला खाणीचा गाळ, दोन्ही शिशानं भरलेले. केलॉगच्या बंकर हिल भट्टीच्या धूळ गाळणाऱ्या यंत्रणेला १९७३ मध्ये आग लागली आणि तरीही भट्टी चालू राहिली. पुढच्या वर्षी तपासलेल्या मुलांच्या रक्तात भयंकर प्रमाणात शिसं सापडलं. भट्टी पुढे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. गाड्याही थांबल्या. मग प्रश्न आला या विषारी पट्ट्याचं करायचं काय. कोर-द-लेन आदिवासी जमात, आयडाहो राज्य, केंद्र सरकार आणि रेल्वे कंपनी यांच्यात तोडगा निघाला: काही ठिकाणची माती उचलायची आणि उरलेल्यावर जाड डांबराचं कायमचं झाकण घालायचं. २००४ मध्ये वाट रीतसर खुली झाली. आजही जागोजागी पाट्या आहेत: डांबर सोडून खाली उतरू नका, खाण्याआधी हात धुवा, ठरवलेल्या जागीच जेवा.

म्हणजे अमेरिकेतली ट्राइकसाठीची एक सर्वांत गुळगुळीत वाट विषावरचं झाकण म्हणून जन्माला आली. राइडच्या सकाळी गटातली माणसं नवख्यांना हे अगदी सरळपणे सांगतात. त्यांच्यातल्या काहींचे वडील याच खाणींत होते.

यंत्राचा अधिकृत इतिहास थोडक्यात. फ्रान्समध्ये शार्ल मोशे या कारागिरानं मुलासाठी चार चाकांची पेडलगाडी केली, कारण आईला दुचाकी धोक्याची वाटत होती. तिच्यातून पुढे मोठ्यांच्या व्हेलोकार निघाल्या आणि मग त्याची झोपून चालवायची दुचाकी. त्या दुचाकीवर फ्रान्सिस फोर या मधल्या फळीतल्या शर्यतपटूनं ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये तासाभरात ४५.०५५ किलोमीटर कापले आणि १९१४ पासून उभा असलेला विक्रम मोडला. जागतिक सायकल संघटनेनं १९३४ मध्ये शर्यतीच्या सायकलची व्याख्याच अशी बदलली की हे वाहन तिच्या बाहेर पडलं. त्यानंतर जवळजवळ अर्धं शतक ही जात अडगळीत गेली. १९८०च्या सुमारास इंग्लंडात माइक बरोज यांनी ‘विंडचीता’ ही देखणी ट्राइक घडवली. हेच बरोज पुढे १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या क्रिस बोर्डमनच्या लोटस सायकलमागचं कल्पक डोकं. त्याच विंडचीतावर, वर हवा कापणारं कवच चढवून, अँडी विल्किन्सननं १९९६ मध्ये ब्रिटनचं नैर्ऋत्य टोक ते ईशान्य टोक हे अंतर ४१ तास ४ मिनिटं २२ सेकंदांत पार केलं. आता इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, अमेरिका इथले मोजके कारखाने ट्राइक करतात. केलॉगमध्ये जमलेल्या लोकांना मात्र विक्रमांशी काही घेणं नव्हतं.

बहुतेक ट्राइकना पुढे दोन चाकं आणि मागे एक. पुढची चाकं २० इंची, म्हणजे आपल्याकडच्या लहान मुलांच्या सायकलीएवढी. मागचं कधी तेवढंच, कधी २६ इंची. पेडल सगळ्यात पुढे, एका नळीच्या टोकावर. पायाच्या लांबीप्रमाणे ती नळी आतबाहेर सरकते. पेडल पुढे आणि ओढणारं चाक मागे, म्हणून चेन साध्या सायकलीच्या जवळजवळ तिप्पट लांब. ती प्लॅस्टिकच्या नळ्यांतून आणि बैठकीखालच्या एका पुलीवरून जाते. बैठक जाळीच्या कापडाची, आरामखुर्चीसारखी मागे कललेली. हात दोन्ही मांड्यांशेजारी सैल सोडायचे. तिथंच दोन उभ्या मुठी. वजन १५ ते २० किलो, कधी त्याहून जास्त.

मला गुंतवलं ते या मुठींपासून चाकांपर्यंतच्या जोडणीनं. वळताना आतलं चाक लहान वर्तुळावर फिरतं, बाहेरचं मोठ्या. दोन्ही सारखीच वळवली तर एकाला फरफटत जावं लागतं. प्रश्न घोडागाडीच्या काळातला आहे. म्युनिकच्या गेओर्ग लांकेन्श्पेर्गर या गाडी बनवणाऱ्या कारागिरानं १८१७ मध्ये त्यावर तोड काढली, रुडॉल्फ आकरमान यांनी पुढच्या वर्षी इंग्लंडात तिचं पेटंट घेतलं, आणि नाव आकरमान यांचंच राहिलं. आतलं चाक बाहेरच्यापेक्षा थोडं जास्त वळेल अशी आडव्या दांड्यांची ही रचना आज जवळजवळ प्रत्येक मोटारीत आहे. ट्राइकमध्ये ती उघडी दिसते, बोट लावून समजून घेता येते.

दुसरी करामत किंगपिनची. प्रत्येक पुढचं चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं ती खीळ मुद्दाम तिरपी बसवलेली असते. तिची रेष मनानं खाली वाढवली तर टायर जिथं जमिनीला टेकतो त्याच ठिकाणी ती जाऊन पोचते. ट्राइकला मागे चालता ब्रेक बहुधा नसतो. दोन मुठींना दोन ब्रेक, प्रत्येक पुढच्या चाकाला एक. खीळ सरळ असती तर एकच ब्रेक दाबताच गाडी त्या बाजूला हिसकली असती. तिरप्या खिळीमुळे ती सरळ राहते. शिवाय खीळ किंचित मागेही झुकवलेली असते, म्हणून मूठ सोडली तरी चाकं आपोआप सरळ होतात. काही अंशांच्या फरकावर माणसाचा जीव सोपवलेला आहे, आणि तो अंश कुणी तरी शांतपणे गणित करून ठरवलेला आहे, हे पाहताना मला त्या अनाम माणसाबद्दल फार आदर वाटला.

या गटात पुढच्या चाकांची राखण करणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत. राइड सुरू होण्याआधी तासभर ते येतात आणि एकात एक सरकणाऱ्या दोन काठ्या घेऊन प्रत्येक ट्राइकपाशी गुडघे टेकतात. पुढच्या दोन चाकांच्या रिमांमधलं अंतर आधी पुढून मोजतात, मग मागून. पुढचं अंतर मागच्यापेक्षा एखाद-दुसऱ्या मिलिमीटरनं कमी हवं. गॅरेजवाले ज्याला अलाइनमेंट म्हणतात तेच. त्यांचा नियम कडक: मोजताना मालक बैठकीवर बसलेला असलाच पाहिजे, कारण माणसाच्या वजनानं चौकट किंचित फाकते. रिकाम्या ट्राइकचं माप ते घेतच नाहीत. अलाइनमेंट चुकलं तर चाकं पूर्ण वेळ एकमेकांशी भांडत धावतात आणि नवे टायर काहीशे किलोमीटरांत खरवडून निघतात. चालवणाऱ्याला वाटतं आपलं वय झालं, म्हणून दम लागतो. या गृहस्थांना सर्वांत जास्त राग त्याचा येतो. दांडीवरचा एक नट पाव फेरा फिरवून त्यांनी एका बाईंना पुन्हा बसवलं, थोडं चालवायला लावलं, आणि बाई परत येऊन नुसत्या हसल्या.

त्या बाईंना पक्षाघात झाला होता. डावा हात पकडत नाही, म्हणून दोन्ही ब्रेक एकाच मुठीवर उजवीकडे आणलेले. डावा पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत आधार देणाऱ्या खोबणीत पट्ट्यानं बांधलेला. ही बांधणी सोयीपुरती नाही. ट्राइकवर पाय पेडलवरून घसरून जमिनीला लागला तर गाडी पुढे जाते आणि पाय आडव्या नळीखाली ओढला जातो. त्यात हाडं मोडतात. म्हणून टाचेला पट्टा किंवा पेडलला अडकणारे बूट याशिवाय हा गट कुणालाही निघू देत नाही, मलाही दिलं नाही.

राइड केलॉगहून पश्चिमेला, नदीच्या वाहत्या दिशेनं. वेग ताशी १५ किलोमीटरांच्या आसपास. तेव्हा मला ट्राइकचं खरं मोल कळलं: ती हळू जाऊ शकते. दुचाकीला उभं राहायला वेग लागतो. चढावर दम गेला की ती डगमगते आणि माणूस शरमेनं उतरतो. ट्राइकवर सर्वांत हलका गिअर टाकून चालणाऱ्या माणसापेक्षाही सावकाश चढता येतं, मध्येच थांबता येतं, पाय खाली टेकावा लागत नाही. म्हणून ज्यांची तयारी सारखी नाही अशी माणसं एकत्र राहू शकतात. इथं पुढे गेलेले थांबतात आणि थांबल्यावर सगळे बसलेलेच असतात. कटाल्डोजवळ अशा विसाव्यात ट्राइकांचं कडं झालं, डबे उघडले, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे याची चौकशी झाली. मागून येणाऱ्यांना मधल्या काळात कुणी घाई केली नाही. सगळ्यांत मागे एक अनुभवी माणूस ठेवलेला असतो. त्याच्या मागे कुणी राहायचं नाही.

तोटेही दिसले. चढावर उभं राहून जोर लावता येत नाही, म्हणून साध्या सायकलवाले तिथं पुढे निघून जातात आणि उतारावर मागे पडतात. दोन्ही प्रकारांची एकत्र राइड सतत तुटते. वळणावर वेग जास्त असेल तर आतलं चाक उचलतं. अंग वळणाच्या आत झुकवावं लागतं. आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी हे वाहन उत्तम, पण त्यावरून उठणं हेच त्यांना सर्वांत कठीण. म्हणून आता उंच बैठकीच्या ट्राइक निघाल्या आहेत. वळणावर त्या कमी स्थिर, पण उठवत नसेल तर स्थिरतेचा काय उपयोग?

परतताना डोक्यात महाराष्ट्र होता. आपल्याकडे पुणे, नाशिक, नागपूर इथं सायकलींचे मोठे गट आहेत. पंढरपूरपर्यंत सायकलनं जाणारी साठी उलटलेली माणसं मी ओळखतो. त्यातलं कुणी एकदा पडलं, खुब्याचं हाड मोडलं, की सायकल कायमची बंद होते आणि तिच्याबरोबर पहाटेची माणसंही सुटतात. ट्राइक नेमकी यांच्यासाठी. पण अडचणी एकामागून एक उभ्या राहतात.

पहिली किंमत. तिकडेच बरी ट्राइक दोन-तीन हजार डॉलरपासून सुरू होते. त्यावर जहाजभाडं आणि आयातशुल्क. सुटे भाग मात्र वाटतात तेवढे दुर्मीळ नाहीत: २० इंची ट्यूब कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळते आणि साध्या चेन जोडून लांब चेन होते. आपल्या लेथवाल्यांना आणि वेल्डरांना चौकट जमणार नाही असं मला अजिबात वाटत नाही. किंगपिनचा कोन मात्र अंदाजानं चालणार नाही.

दुसरी अडचण जागेची. साधारण ऐंशी सेंटिमीटर रुंद वाहन सोसायटीच्या जिन्याखाली मावत नाही, लिफ्टमध्ये उभं करावं लागतं.

तिसरी रस्त्याची, आणि ती मोठी. दुचाकी खड्डा चुकवते कारण तिचा माग एक. ट्राइकचे माग तीन. एका चाकाला वाचवलं तर दुसरं खड्ड्यात जातं. आपले गतिरोधक तिच्या पोटाला घासतात. डोकं मोटारीच्या बॉनेटच्या पातळीवर आणि ट्रकचा धूर थेट तोंडावर. कुत्रं भुंकत आलं तर ते समोरासमोर येतं. झेंड्यानं माणूस दिसतो, पण धूर आणि कुत्रं झेंड्यानं टळत नाहीत. सायकल मार्ग केले तिथं मोटरसायकली आत शिरू नयेत म्हणून खांब रोवतात. ज्या फटीतून ट्राइक किंवा चाकांची खुर्ची जाईल तिच्यातून मोटरसायकल जातेच, आणि जिच्यातून मोटरसायकल जात नाही तिच्यातून अपंग माणूसही जात नाही. हा पेच खांबांनी सुटणारा नाही. तिथं माणूस नेमावा लागेल आणि दंड खरोखर घ्यावा लागेल.

तरीही एक जागा आपल्याकडे आहे. धरणांच्या कालव्यांना लागून देखभालीचे रस्ते असतात. पाणी आपोआप वाहायचं तर उतार अगदी मंद ठेवावा लागतो. आगगाडीला जसा तीव्र चढ झेपत नाही तसंच हे. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात असे रस्ते मैलोन् मैल आहेत. बरेचसे कच्चे, काही उखडलेले, कुठं अतिक्रमण, कुठं कठडाच नाही. शेतकऱ्याची बैलगाडी आणि ट्रॅक्टर तिथून जाणारच आणि तो हक्क त्यांचाच पहिला. पण सकाळचे दोन तास, पाच-दहा किलोमीटरचा एखादा पट्टा, वर चांगलं डांबर आणि पाण्याच्या बाजूला कठडा, एवढं अशक्य नाही. तुमच्या सायकल गटाजवळ असा कालवा असेल तर एका रविवारी तो पायी चालून पाहा, खड्डे आणि तुटलेले भाग लिहून काढा, आणि तो कागद घेऊन पाटबंधारे खात्याच्या उपविभागीय अभियंत्यांकडे जा. जाताना गटातल्या ज्या माणसानं पडल्यापासून सायकल सोडली आहे, त्यालाही बरोबर घ्या.