बाळंतपणात सुईची घाई नको

"सिस्टर, एक सुई द्या आणि सुनेला लवकर मोकळी करा!" ही विनवणी आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडी असते. ही सुई म्हणजे ऑक्सिटोसिन.

बाळ जन्मल्यावर मिनिटभरात नर्सने तिचे 10 युनिट टोचले, तर गर्भाशय आवळते आणि जीवघेण्या रक्तस्रावाचा धोका कमी होतो. हीच सुई डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय बाळंतपणाआधी दिली, तर कळा बेसुमार वाढतात. बाळाला प्राणवायू कमी पडतो, प्रसंगी गर्भाशयही फाटते. मग नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून मोठे रुग्णालय गाठायचे कधी?

शिवाय हे औषध 2 ते 8 अंश तापमानातच टिकते. उन्हाळ्यात बाहेर राहिले तर त्याचा गुण जातो. म्हणून ते थंड ठेवणे, मुदत पाहणे, दिल्याची वेळ लिहिणे ही सिस्टरची रोजची जबाबदारी असते.

आम्हाला वाटते, आपण सुईसाठी हट्ट धरू नये. औषध कोणते आणि कशासाठी, हे विचारावे. बाळ झाल्यावरची सुई दिली का, हेही अदबीने विचारावे. "आत्ता नाही" म्हणणारी सिस्टर आपली अडवणूक करत नसते; ती दोन जीव सांभाळत असते.