शेवंड, बंदर आणि आपली सावित्री

ज्याच्या घरांत मासळी कधीं शिजली नाहीं, अशा निवृत्त शिक्षकानें मासळीच्या बंदरांविषयीं लिहावें, हें कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु जिच्या कांठीं आम्ही जन्म काढला ती सावित्री महाबळेश्वरीं उगम पावून, पोलादपूर व महाड मागें टाकीत, बाणकोटापाशीं समुद्रास मिळते. तिच्या मुखाशीं राहणाऱ्यांची विचारपूस करणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

महाड हें एके काळीं खाडीवरचें बंदर होतें, हें वसाहतीचीं धुराडीं पाहणाऱ्या आजच्या मुलांस खरें वाटत नाहीं. खालीं दासगांवास आगबोट लागे. १९२७ च्या डिसेंबरांत डॉ. आंबेडकर परिषदेसाठीं आले, ते दासगांवास आगबोटींतून उतरून महाडास. आतां बंदराची गजबज पाहावयाची तर किनाऱ्यावर, श्रीवर्धन किंवा हर्णै येथें गेलें पाहिजे. हर्णैस सायंकाळीं वाळूवर मासळीचा लिलाव पुकारला जातो.

त्या मासळींत मानाची असते शेवंड. विलायती जातीप्रमाणें हिला मोठ्या नांग्या नसतात. लांब, कांटेरी मिशा हेंच तिचें शस्त्र. दिवसा ती लपते, रात्रीं चरावयास निघते. मादी अंडीं पोटाखालीं बाळगते. त्यांतून निघणारें पिल्लू कांचेच्या पानासारखें पारदर्शक असून कित्येक महिने समुद्रांत तरंगत राहतें. इतक्या संथपणें वाढणाऱ्या जीवास अतिलोभ सोसत नाहीं. मुंबईपुढील समुद्रांत चपट्या शेवंडीची यांत्रिक जाळ्यांनीं एवढी लूट झाली कीं १९९४ पर्यंत ती तेथून जवळजवळ नाहींशी झाली. २००३ सालीं केंद्र सरकारनें निर्यातीसाठीं किमान वजन ठरविलें: चिखलांतील शेवंडीस ३०० ग्रॅम, चपटीस १५०. पण हा नियम निर्यातीपुरताच.

अमेरिकेच्या मेन प्रांतांतील कोळी अंडीं असलेली मादी सांपडली कीं तिच्या शेपटीस खांच पाडून तिला सोडून देतात. पुढें ती ज्याच्या हातीं लागेल त्यानें खांच पाहून तिला पुन्हां सोडावयाची. भर समुद्रांत शिपाई उभा नसतो. तरी हें पाळलें जातें. यासच आम्ही धर्म म्हणतों.

आमचे कोळी बांधवही जून-जुलैंत होड्या ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ वाहतात. मग प्रश्न उरतो तो आपला. वसाहतीचें सांडपाणी प्रक्रियेनंतर शेवटीं याच खाडीच्या पाण्यांत जातें, आणि आपल्या कित्येक घरांची चूल त्याच वसाहतीच्या पगारावर पेटते. आमचेच विद्यार्थी तेथें रसायनें हाताळतात. सावित्री पश्चिमवाहिनी आहे, एवढें आम्ही त्यांस नकाशावर दाखविलें. तिच्या मुखाशीं कोण राहतें, हें शिकविलें नाहीं. ती चूक आमची.

जेवावयास बसतांना चित्राहुती घालून इतरांचा वांटा आधीं काढणें, ही आपल्या घराची रीत. नदींत कांहीं सोडतांनाही तोच हात क्षणभर थांबावा. वडील मंडळींनीं मुलांस एकदां बाणकोटची खाडी दाखवावी, आणि कारखान्यांतून घरीं आलेल्या मुलास पगाराबरोबर पाण्याचीही खुशाली विचारावी.