नातवंडाचा हटवादी खोकला आणि श्वासपटलातील छिद्र

वाईत पावसाळा लागला की घरोघरी मुलांचा खोकला सुरू होतो. काढा, वाफारा, थोडे औषध, आणि बहुतेक मुले आठवडाभरात खेळू लागतात. क्वचित एखाद्या मुलात मात्र या खोकल्यामागे जन्मजात दोष दडलेला असतो.

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल हा स्नायूंचा पडदा असतो. गर्भावस्थेच्या आरंभीच्या महिन्यांत तो पूर्ण जुळला नाही, तर त्यात छिद्र राहते. बहुधा डाव्या बाजूस. सुमारे अडीच ते तीन हजार जन्मांमागे एका बाळात हा दोष आढळतो. अशा बहुतेक बाळांना जन्मतःच धाप लागते. काहींमध्ये मात्र आतडे किंवा जठर छिद्रातून वर सरकते ते कित्येक महिन्यांनी वा वर्षांनी. त्यामुळे पूर्वीचा एक्स-रे निर्दोष असला, तरी तो कायमची हमी ठरत नाही.

निदान चुकण्याचे कारणही हेच. छातीत शिरलेले आतडे एक्स-रेवर न्यूमोनियासारखे दिसू शकते. फुगलेले जठर फुप्फुसाभोवती साठलेल्या हवेसारखे भासते. ती हवा समजून छातीत नळी घातल्यास जठरालाच इजा होण्याचा धोका असतो. शंका असल्यास नाकातून जठरात नळी सोडून पुन्हा एक्स-रे काढतात. नळीचे टोक छातीत दिसले, की उलगडा होतो.

आजी-आजोबांनो, मुलाला भरवणारे आणि निजवणारे बहुधा आपणच असता. म्हणून खोकल्याबरोबर पोटाकडेही लक्ष द्यावे. एकाच बाजूचा न्यूमोनिया पुनःपुन्हा होणे, जेवणानंतर धाप लागणे, वारंवार उलटी वा पोटदुखी, वजन न वाढणे, छातीला कान लावल्यास गुडगुड ऐकू येणे, यांपैकी काही आढळल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे. जुने एक्स-रे टाकून देऊ नयेत. अंगणवाडीत वा शाळेत होणाऱ्या आरोग्य तपासणीतही ही माहिती द्यावी.

तीव्र पोटदुखी, हिरवी उलटी किंवा वाढती धाप असेल, तर आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. अशा वेळी पोट चोळू नये, एरंडेल देऊ नये, खाऊपिऊ घालू नये. शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय तत्काळ गाठावे.

धीर देणारी गोष्ट अशी, की उशिरा लक्षणे दिसणाऱ्या मुलांची फुप्फुसे बहुधा चांगली वाढलेली असतात. वेळीच छिद्र शिवले, तर बहुतेक मुले पूर्ण बरी होतात.