पंप फिरतो, पण पाणी का चढत नाही?

कोलकात्यातील टाला येथे १९११ साली पूर्ण झालेली पोलादी टाकी जमिनीपासून सुमारे ११० फूट उंचीवर आहे. तिच्यातील पाणी स्वतःच्या भारानेच शहरात उतरते. तथापि लांब नळांतून वाहताना त्याचा दाब घटतो. म्हणून अनेक घरांत ते तळटाकीत साठवून विजेच्या पंपाने गच्चीवरील टाकीत चढवितात. पंप फिरत असूनही ही टाकी रिकामी राहिली व स्नानगृहातील फवारा कोरडा पडला, तर दोष कोठे शोधावा?

वास्तविक पंप पाणी ओढीत नाही. तो शोषणनळीतील दाब कमी करतो. मग तळटाकीवरील वातावरणाचा दाब पाण्याला नळीत वर ढकलतो. नळीत हवा शिरली, की हलक्या हवेत फिरणारे पंपाचे पाते दाबांत पुरेसा फरक पाडू शकत नाही.

यास्तव प्रथम वीज बंद करावी. तळटाकीत पाणी आहे ना, नळीच्या टोकाची झडप घट्ट मिटते ना व सांधे हवाबंद आहेत ना, हे क्रमाने पाहावे. नंतर पंपात पाणी भरून हवा बाहेर काढावी व मगच तो सुरू करावा. कोरडा पंप फिरवीत ठेवू नये. थंड ठेवणारे पाणी नसल्याने त्यातील सील तापून निकामी होते, आणि लहानसा दोष मोठ्या खर्चाचा होतो.